तिसऱ्या चेंबरमधलं पोतं

दीक्षा रणपिसे आमच्या कंपनीत आली त्या पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं, की इथे प्रश्न विचारायचे असतील तर जेवणाच्या सुट्टीत विचारावेत. त्यावर तिने विचारलं, "सुट्टी किती वेळाची असते, मॅडम?" पोरगी उद्धट नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ही गोष्ट दोन हजार दोन सालची. निम्मं पुणं तेव्हा अमेरिकेला निघालं होतं आणि उरलेलं हिंजवडीला. आमची कंपनी यातलं काहीच न करता कर्वे रस्त्यावर, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, गोदामं आणि शीतगृहांसाठी प्रोग्राम लिहीत बसली होती. मालक दीनानाथ सर. मी सुहासिनी, तपासणीची प्रमुख. प्रमुख म्हणजे त्या खात्यात मी एकटीच होते, त्यामुळे खात्यात भांडणं नव्हती.

माझी पद्धत साधी होती. जुन्या मशीनने काढलेला कागद डावीकडे, नव्याने काढलेला उजवीकडे, मध्ये लाकडी पट्टी. ओळीला ओळ ताडायची. जुळली तर पास, नाही तर नापास. 'साधारण जुळतंय' हा शेरा माझ्याकडे नव्हता. साधारण जुळणाऱ्या गोष्टी लग्नाच्या बाजारात चालतात.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे मार्केट यार्डाच्या मागे कोल्ड स्टोरेज असलेले रावसाहेब. देश उदार झाला त्या एक्क्याण्णव साली दीनानाथ सरांनी त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. कुठल्या चेंबरमध्ये कुणाची किती पोती, कधी आली, कधी गेली, सगळं त्यात. तो चालायचा एका परदेशी मशीनवर. कपाटाएवढं ते धूड, ते चालवणारी युनिक्स नावाची प्रणालीही त्याच्या कंपनीची खास, आणि आता तर त्या कंपनीने सुटे भाग देणंसुद्धा बंद केलं होतं. म्हणून सरांनी ठरवलं, की प्रोग्राम उचलायचा आणि लिनक्सवर न्यायचा. लिनक्स ही तशीच प्रणाली, पण ती तेव्हा मासिकाबरोबर सीडीवर फुकट यायची. 'फुकट ते पौष्टिक' हे आमच्या पेठेतलं तत्त्व. रावसाहेबांचं नेमकं उलटं.

ते म्हणाले, "फुकट मिळतं म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार. दसऱ्याला मशीनची पूजा करतो आम्ही. तोवर नव्या मशीनचा कागद जुन्याशी शब्दाला शब्द जुळला, तर पूजेला नवं बसेल. नाही जुळला, तर दुसरी कंपनी बघू."

सरांनी दीक्षाला एवढ्याच कामासाठी घेतलं होतं आणि तसं तोंडावर सांगितलंही होतं. रावसाहेबांनी काम पास केलं तर नोकरी पक्की, नाही तर दसऱ्यानंतर येण्याची तसदी घेऊ नये. तिचे वडील रामदास सरकारी कारखान्यातून फिटर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते, धाकटा भाऊ समाधान अजून शिकत होता. ताडीवाला रोडवरून हे कुटुंब वारज्याला राहायला आलेलं, आणि घर तिच्या पगारावर चालायचं. हे तिने रडून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं, आणि लगेच मला विचारलं, की ही पट्टी लाकडाचीच का.

काम नेटाने सुरू झालं. पहिल्या आठवड्यात बटाट्याचं एकेक पोतं पर्वतीएवढं वजनाचं निघालं. जुनं मशीन आकडा मोठ्या टोकाकडून लिहायचं, नवं धाकट्या टोकाकडून वाचायचं. दीक्षाला याचा कोण आनंद झाला! ती दिवसभर कागदावर आकडे उलटे-सुलटे मांडत बसली. दुसऱ्या कुणी ती चूक दुरुस्त करून सोडून दिली असती. हिला ती चूक अशीच का झाली, हे कळेपर्यंत जेवण जात नव्हतं.

हा गुण घरचा. रामदासरावांचं म्हणणं, उघडून बघितल्याशिवाय बिघडलं म्हणू नये. त्यांच्या घरात पंखा, रेडिओ, इस्त्री, सगळं एकदा तरी पोट उघडून टेबलावर पडलेलं. "आमच्या बुद्धवंदनेतच आहे, मॅडम," ती मला म्हणाली होती. "एहिपस्सिको. ये आणि पाहा. बाबा म्हणतात, आधी ये, मग पाहा, मानायचं की नाही ते नंतर." लिनक्सवर तिचा जीव जडला तो यामुळेच. जुन्या मशीनच्या आत काय चालतं ते बनवणाऱ्यांनाच ठाऊक. लिनक्सच्या आत कुणीही डोकावावं. ती डोकावायची आणि मलाही बोलवायची, "हे बघा, हे कुणीतरी फिनलंडमध्ये लिहिलंय." मला त्यातलं अक्षर कळायचं नाही, पण बोलावणं आवडायचं.

सप्टेंबर सरता सरता सगळं जुळलं, एक जागा सोडून. संध्याकाळचा साठ्याचा कागद काढायला घेतला की पहिला चेंबर छापून व्हायचा, दुसरा व्हायचा, आणि तिसऱ्यात मिरचीच्या मध्यावर प्रोग्राम धाडकन बंद पडायचा. पडद्यावर दोनच शब्द यायचे, सेगमेंटेशन फॉल्ट. दीक्षाने मला त्याचा अर्थ सांगितला. प्रोग्रामने अशा जागी जाऊन वाचायचा प्रयत्न केला, की जी जागा त्याची नाही.

तिने दोन दिवसांत मूळ शोधलं. प्रोग्राममध्ये प्रत्येक पोत्याजवळ त्याच्या मालकाची माहिती कुठे ठेवली आहे, तो पत्ता लिहिलेला असतो. तिसऱ्या चेंबरमधल्या मिरचीच्या एका पोत्याला मालकच नव्हता. पत्त्याच्या जागी शून्य. जुनं मशीन अशा वेळी शून्य नंबरच्या घरी जायचं, तिथे कुणी नाही असं बघून मुकाट्याने पुढे निघायचं, आणि कागदावर मालकाच्या रकान्यात कोरी जागा सोडायचं. लिनक्स मात्र आमच्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानदारासारखं. असा पत्ता नाही. या आता.

दीनानाथ सर म्हणाले, "दोन ओळी लिही. पत्ता रिकामा असेल तर पुढे जा. दहा मिनिटांचं काम."

"पण सर, तो रिकामा का आहे?"

"तुला काय करायचंय?"

"बघायचंय," दीक्षा म्हणाली.

मी सरांच्याच बाजूने होते. ठिगळ लावलं की कागद जुळणार, पट्टी खूश, पोरीची नोकरी पक्की. तसं मी तिला जेवणाच्या सुट्टीत, नियमाप्रमाणे, बोललेही. ती डबा बाजूला ठेवून म्हणाली, "मॅडम, आज एका पोत्याचा मालक रिकामा आहे म्हणून मी प्रोग्रामला शिकवलं, की रिकामं चालतं. उद्या एखाद्या शेतकऱ्याचं नाव चुकून गळलं, तर त्याचंही पोतं असंच गपचूप बिनमालकाचं होईल. जुनं मशीन ते सांगत नव्हतं. हे सांगतंय, तर त्याचं तोंड कशाला दाबायचं?"

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि दुसऱ्याचं बरोबर असलं की मला राग येतो. म्हणून तिच्याबरोबर मीच निघाले. स्वारगेटला उतरून आम्ही गुलटेकडीला गेलो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आणि तिसऱ्या चेंबरच्या दारात पहारेकऱ्याने आम्हाला दोन मळके स्वेटर दिले. आत छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या, प्रत्येकीवर नंबर. कोपऱ्यात लाकडी फळीवर एकटं एक पोतं. त्याला हळद-कुंकू लावलेलं.

"ते देवाचं आहे," पहारेकरी म्हणाला.

"कुठल्या देवाचं?" दीक्षाने विचारलं.

पहारेकरी म्हणाला, खंडोबाचं. काट्यावरच्या कारकुनाने सांगितलं, मरीआईचं. तिथेच उभ्या असलेल्या हमालाने म्हसोबाची शपथ घेतली. एका पोत्याचे तीन देव निघाले. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, कारण मोजणीला पोतं एक आणि यादीत पोतं एक. जुळतंय ना, मग झालं.

दीक्षाने मात्र पोत्याच्या तोंडाशी बोट घालून एक मिरची बाहेर काढली, उजेडात धरली, मोडली. मला दोन शिंका आल्या. "मशीन म्हणतं हे पोतं एक्क्याण्णव सालचं आहे," ती म्हणाली. "ही मिरची ह्या वर्षीची आहे. बारदानही नवं आहे." तिचा चेहरा लखलखला होता. थंडीने माझे दात वाजत होते आणि खरं सांगायचं तर मलाही आता राहवत नव्हतं.

शेवटी आम्हाला पत्ता लागला तो मागच्या शेडमध्ये. तिथे बायका तोंडाला फडकी बांधून मिरची निवडत बसल्या होत्या. त्यांची मुकादम सरुबाई. वय झालेली, आवाज खणखणीत. पोत्याचं नाव काढताच सगळ्यांचे हात थांबले. सरुबाईने दीक्षाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ते तुमच्याच सायबानं आणलं व्हतं," ती म्हणाली.

"कुठल्या साहेबांनी?"

"चष्मेवाला, काडीपैलवान. मशीन आलं तवा. म्हनला, ह्ये पोतं मशीनीत घालून दावतो. घातलं. मालक खूश झाले, पेढं वाटलं, आन सायेब पोतं इसरून गेला."

मी तोंडावर पदर धरला. दीनानाथ सरांनी मशीन चालतं हे दाखवायला यार्डातून एक पोतं विकत आणलं होतं. गिऱ्हाइकांची नावं तेव्हा मशीनमध्ये भरलीच नव्हती, म्हणून मालक कोरा राहिला. चाचणीची नोंद पुसायची राहिली, आणि पोतं न्यायचंही. आमच्या धंद्यात असं होतं. पण त्या नोंदीला पुढे हळद-कुंकू लागतं, हे मात्र मी पहिल्यांदाच बघत होते.

"मग मिरची नवी कशी?" दीक्षाने विचारलं.

सरुबाईने शेडच्या दाराकडे एकदा नजर टाकली. मग तिने शेजारच्या बाईकडे हात केला. "ही हिरा. हिचा नवरा गेला, तवा घरात मिठाबिगर काय न्हवतं. पोतं तर कुनाचंच न्हाय. आमी सोडलं आन हिला दिलं. मग रातभर झोप न्हाय. मशीनीत पोतं एक हाय, जागंवर न्हाय. मोजणीला आळ कुनावर यील? निवडणाऱ्या बायांवर. मग समद्यांनी आपापलं मातेरं घातलं आन भरलं."

मातेरं म्हणजे निवडताना खाली सांडलेला, झाडून गोळा केलेला माल. तो निवडणाऱ्या बायकांनी घरी न्यायचा, ही यार्डाची जुनी रीत. त्यात चोरी नव्हती.

"भरलं, आन फुडल्या वर्सी दुसरीच्या घरात लगीन निघालं," सरुबाई म्हणाली. "मग तिला दिलं, पुना भरलं. तवापासनं दर खंडेनवमीला सोडायचं. ज्या घरात लगीन न्हायतर मयत, त्या घरी देवाचं म्हनून धाडायचं. आन वर्सभर भरायचं. मशीनीत एक हाय, तर जागंवर एक पायजेच."

दीक्षा त्यांच्याशेजारी खाली बसली.  मग ती हळूच म्हणाली, "नवं मशीन मालकाशिवाय चालणार नाही, मावशी. तुमचं नाव लिहू का?"

"नको बया. नाव लिवलं की भाडं लागंल. आन म्या मेल्यावर माझा ल्योक म्हनंल, पोतं माझ्या आईचं."

"तुम्ही नको म्हणालात तर मी काहीच लिहिणार नाही. सर म्हणतात तसं ठिगळ लावते, कुणाला कळणार नाही."

सरुबाईने बायकांकडे बघितलं.  हिराने तोंडावरचं फडकं सोडलं आणि नुसती मान हलवली.

"लिव," सरुबाई म्हणाली. "पर एकीचं नको. समद्यांचं लिव. मालक बोलले तर म्या हाय."

परत आल्यावर दीक्षाने सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ते न्यायचं राहूनच गेलं," म्हणाले. पण मग त्यांच्यातला मालक जागा झाला. "हे बघ, आपण प्रोग्राम इकडून तिकडे नेतोय, समाजकार्य करत नाही. प्रोग्रामला नवा मालक शिकवलास तर ती ओळ जुन्याशी जुळणार नाही. रावसाहेबांची अट माहीत आहे ना? सुहासिनीबाई, तुम्ही काय लिहाल?"

"जुळलं नाही तर नापास," मी म्हणाले. "माझी पट्टी कुणाची नातेवाईक नाही."

"नापास लिहा, मॅडम," दीक्षा म्हणाली. "पण ती ओळ पुसू नका."

मला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्याइतकं आपलं त्या कंपनीत कुणी नाही असंही त्याच क्षणी वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, की घरी बाबांना विचारलं. रामदासराव म्हणाले होते, "उघडून बघितलंस ना? मग आता न बघितल्यासारखं कसं करशील?" हे त्या माणसाचं बोलणं, ज्याचं घर त्या पगारावर चालत होतं.

खंडेनवमीच्या सकाळी रावसाहेबांच्या ऑफिसात मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पट्टी लावली. रावसाहेब समोर, दीनानाथ सर खुर्चीच्या कडेवर, दीक्षा उभी. पहिला चेंबर जुळला. दुसरा जुळला. तिसऱ्यात मिरची आली. डाव्या कागदावर पोतं एक, मालक कोरा. उजव्या कागदावर पोतं एक, मालक: सामायिक, निवडणाऱ्या बायका.

"एक ओळ जुळत नाही," मी म्हणाले.

सरांनी डोळे मिटले. रावसाहेबांनी चष्मा चढवून ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. "हे देवाचं पोतं. बायकांचं कुणी लिहिलं?"

"मी," दीक्षा म्हणाली.

"कुणाला विचारून?"

"मला इचारून," दारातून आवाज आला. सरुबाई केव्हाची तिथे उभी होती. तिने चार वाक्यांत सगळं सांगितलं. चष्मेवाला साहेब, हिराचा नवरा, मातेरं, लग्न आणि मयत. काही लपवलं नाही आणि माफीही मागितली नाही.

रावसाहेबांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला. हा माणूस आता पोलिसांना बोलावतो की पहारेकऱ्याला, याचा मी अंदाज बांधत होते. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या आई गेल्या, त्या वर्षी घरी मिरचीची गोण आली होती. देवाची म्हणून आली होती."

"आमीच धाडली व्हती," सरुबाई म्हणाली. "मयत काय गरिबाच्याच घरी व्हती व्हय?"

 रावसाहेबांनी कागद खाली ठेवला. "वर्षभर पुरली ती आम्हाला," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, यातली खरी ओळ कुठली?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जुळतं का, एवढंच विचारायचे.

"उजवीकडची," मी म्हणाले.

"मग नापास जुनं मशीन. तसं लिहा." त्यांनी उजव्या कागदावर सही केली आणि सरुबाईला सांगितलं, की त्या पोत्याला भाडं लागणार नाही, पण फळी बदलून घ्या, कुजली आहे.

जिना उतरताना सर दीक्षाला म्हणाले, "परवापासून नेहमीच्या वेळेला येत जा." दीनानाथ सरांकडून एवढं मिळालं म्हणजे हत्तीवरून साखर. दीक्षाने विचारलं, "परवा का सर? उद्या?" मग तिलाच आठवलं. उद्या दसरा, आणि दसऱ्याला ती कधीच येणार नव्हती. त्या दिवशी ते घर विहारात असतं. तिचं नावही त्याच दिवसावरून ठेवलेलं.

म्हणून पूजेला मी गेले. नव्या मशीनला झेंडूची माळ घातली, लिनक्सला कुंकू लागलं. निघताना सरुबाईने गाठलं. "ती पोरगी कुठाय?"

"तिचा आज सण आहे," मी म्हणाले.

तिने पदराखालून एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. मिरची होती.

"तिच्या घरी लग्न नाही, आणि सगळे सुखरूप आहेत," मी म्हणाले. मला वाटलं, नियम आहे तो पाळावा.

"ठावं हाय," सरुबाई म्हणाली. "त्या पोत्याला कुकू समद्यांनी लावलं. कुनाचं हाय म्हून इचाराय ती एकटी आली."

मी स्वारगेटहून वारज्याची बस धरली. वाटभर शिंकत होते, आणि शेजारचा माणूस दोनदा जागा बदलून बसला.